पाच नाकांची जीप

सर्व संबंधितांस, आणि विशेषतः ज्यांच्या दारात जीप, म्हैस किंवा दोन्ही उभ्या आहेत अशा गृहस्थांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की जीपला नाक असते. एक नव्हे, पाच. एक इंजिनाला, एक गिअरबॉक्सला, एक त्याला चिकटलेल्या धाकट्या गिअरपेटीला, आणि पुढच्या-मागच्या आसांना एकेक. पाण्यात उतरण्यापूर्वी ही पाचही नाके पाण्याच्या वर काढली नाहीत तर जीप पाणी पिते, तिला धाप लागते आणि भर प्रवाहात ती प्राण सोडते.

हे ज्याला ठाऊक नाही तो सुखी माणूस. मला ठाऊक आहे. मला ते नदीकाठी, ओढ्याकाठी आणि एकदा तर एका फुटलेल्या पाटाच्या काठी, डोक्यावर ऊन आणि हातात रबरी नळी घेऊन, पुन्हा पुन्हा शिकवण्यात आलं. आता पन्नाशीला आलो. शाळेतली गणितं विसरलो, कविता विसरलो, बायकोने सकाळी सांगितलेली भाजी संध्याकाळी विसरतो. पण जीपची पाच नाकं झोपेतसुद्धा मोजून दाखवीन.

शिकवणारे होते आमचे डॉक्टरसाहेब. जनावरांचे डॉक्टर. मी त्यांच्या हाताखाली कंपाउंडर. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला होता, आणि नव्या राज्याने धाराशिवच्या आमच्या दवाखान्याला एक जुनी जीप दिली होती. ही जीप म्हणे महायुद्धात लढून आलेली. आमच्याकडे आल्यावर तिच्या नशिबी जे आलं ते पाहता तिला युद्धभूमीची आठवण येत असावी.

साहेब उंच, किडकिडीत आणि मानेत जरासे वाकलेले, तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या बगळ्यासारखे. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर हॅट. शिक्षण हैदराबादेत झालेलं, त्यामुळे बोलणं असं अदबीचं की ऐकणाऱ्याला उगाच आपण नवाब असल्यासारखं वाटावं. ते सगळ्यांना ‘अहो’ म्हणत. मला अहो, ड्रायव्हरला अहो, आणि बैलालाही अहो. एकदा एका म्हशीला तपासताना ते खाली वाकून म्हणाले, “ताई, जरा पाय बाजूला घेता का?” म्हशीच्या मालकिणीने लगबगीने पाय बाजूला घेतला. म्हैस जागची हलली नाही.

साहेब कधी चिडत नसत. खरी अडचण तीच होती. चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. जो माणूस तुमचं सगळं म्हणणं मान डोलावून ऐकतो, “अगदी रास्त आहे तुमचं,” म्हणतो, आणि मग आपल्याला करायचं तेच आणखी सावकाश करतो, त्याचं काय करायचं?

जीप आली त्या पहिल्या पावसाळ्यात लोहाऱ्याच्या वाटेवर एका ओढ्यात ती बंद पडली. बैल लावून बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मागच्या आसाचं बूच उघडलं, तर आतून काळ्या तेलाऐवजी पांढुरकं काहीतरी ओघळलं. साहेबांनी ते बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं आणि मला दाखवलं.

“बघा. ताक झालंय.”

“पाणी शिरलं असेल, साहेब. तेल बदलू.”

“शिरलं कुठून? नाकातून. हे पाहा, इथे एवढंसं नाक आहे. इथून ही श्वास घेते.” मग बराच वेळ ते त्या आसाकडे, एखाद्या मुक्या लेकराला आपण उगाच रागावलो अशा नजरेने बघत राहिले. त्या क्षणी आमच्या दवाखान्याचं आणि माझ्या तरुणपणाचं वाटोळं झालं.

नाकं वर काढायची तर नळ्या हव्यात. नळ्या होत्या दवाखान्यात. बैलाच्या पोटात औषध सोडायची लांब नळी मागच्या आसाला गेली. एनिमाची नळी पुढच्या आसाला. गिअरबॉक्सला कुठलीच नळी नेमकी बसेना, तेव्हा साहेबांनी आपल्या स्टेथोस्कोपची नळी कापून दिली. धाकट्या पेटीला शिरेतून औषध द्यायची नळी. आणि इंजिनाचं मोठं नाक! त्यासाठी पत्रेवाल्याकडून रॉकेलच्या डब्यांची एक चिमणी करून घेतली. ती काचेच्या कडेने वर जाऊन छपराच्याही वर डोकावायची. तिच्यात पाऊस पडू नये म्हणून साहेबांनी तिच्या तोंडावर एक टमरेल उलटं बसवलं. होय, टमरेलच. सरकारी जीप, पुढे सरकारी पाटी, आणि डोक्यावर टमरेल. गावात शिरलो की बाया पदर तोंडाला लावून आत पळायच्या, आणि म्हातारे विचारायचे, “काय डाक्टर, लांबचा परवास दिसतोय?”

इकडे दवाखान्यात हाहाकार. पोट फुगलेला बैल आला की मी धावत जाऊन जीपखाली झोपायचं, मागच्या आसाची नळी सोडवायची, धुवायची, बैलाला लावायची, पुन्हा धुवायची आणि पुन्हा जीपला लावायची. स्टेथोस्कोप गेल्यामुळे साहेब थेट बैलाच्या बरगडीला कान लावून ऐकत. एकदा अणदूरचा एक खिलारी बैल त्यांच्यावर प्रेमाने असा रेलला की साहेब भिंतीला चपटे झाले. त्या अवस्थेतही ते मला म्हणाले, “फुप्फुसं उत्तम आहेत यांची.”

आमचा ड्रायव्हर वयाने मोठा, सगळे त्याला चाचा म्हणत. त्याने निजामाच्या फौजेत गाड्या हाकल्या होत्या आणि त्याचं या विषयावरचं मत अगदी थोडक्यात होतं. “साब, ये गाडी है, घोडी नहीं. पानी में डालो, उधर निकलती.”

एकदा वैतागून चाचाने इंजिनाचं नाक सोडून बाकी चारही नाकांत चिंध्यांचे बोळे कोंबले. नळ्या नकोत, कटकट नको. चार-आठ दिवसांत चाकांच्या आतून तेल पाझरायला लागलं, ब्रेकवर आलं आणि जीप एका चिंचेच्या झाडाला हळूच जाऊन टेकली. साहेब खाली उतरले, चाकाखालचं तेल पाहिलं, बोळे काढले आणि चाचाला म्हणाले, “अहो, आतली हवा तापली की फुगते. तिला बाहेर पडायला वाट नको? नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण तुम्ही ऐकली नाही का?” चाचा त्या दिवसापासून साहेबांसमोर नुसता आभाळाकडे बघायचा.

आता नदी आली म्हणजे काय व्हायचं ते सांगतो, कारण न सांगता मला एकट्याला ते सोसवत नाही.

पाण्यापासून लांब, सावली बघून जीप उभी करायची. का? तर थंड व्हायला. “तापलेली पेटी गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते,” साहेब म्हणत. “आणि आकसली की नाकातोंडातून बाहेरचं ओढून घेते. तुमच्या पाठीवर गार पाण्याचा तांब्या पडला की तुम्ही हुप्प करून श्वास आत घेता ना? तसंच.” मग साहेब बाभळीखाली बसत. मधून मधून उठून आसावर तळहात ठेवत, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. “अजून अंग कोमट आहे.” पुन्हा बसत. ताप उतरला की नळ्या जोडायच्या, त्या दोऱ्यांनी वर बांधायच्या, इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोला मेणकापड गुंडाळायचं, पंख्याने पाणी उडवू नये म्हणून त्याचा पट्टा सोडायचा. शेवटी परीक्षा. इंजिन सुरू करायचं, टमरेल काढायचं आणि चिमणीच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर पास. म्हणजे दुसरीकडून कुठूनही हवा आत जात नाही, तर पाणीही जाणार नाही. जगातल्या सगळ्या माणसांचा चेहरा इंजिन बंद पडल्यावर उतरतो. आमच्या साहेबांचा खुलायचा. “गेलं! वा!”

एकदा हे सगळं चाललेलं असताना डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेतलेला एक म्हातारा आमच्याशेजारून ओढ्यात उतरला, धोतराचा सोगासुद्धा न उचलता पलीकडे गेला, पेंढ्या ठेवून परत आला, आणि आम्ही अजून नळ्या बांधतोय हे बघून म्हणाला, “काय सायब, गाडीला बाळंतपणाला बसिवलंय का?”

“कायकू साब,” चाचा माझ्याकडे बघून रडकुंडीला येऊन म्हणाला, “पिंडरी भी नहीं भीगती!”

साहेब म्हणाले, “पाण्याचं आज दिसतं तेच उद्या असेल असं नाही.” आणि चौथ्या नळीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

एक वर्षी श्रावणात बुळकांडी आली. आजच्या पोरांना हा शब्द ठाऊक नसेल, आणि नसलेलाच बरा. जनावराच्या डोळ्यांतून, नाकातून धार लागायची, मग हगवण, आणि आठवड्यात दावणच्या दावण आडवी. तेरच्या बाजूच्या एका गावात ती शिरली होती. तेरणेच्या पलीकडचं गाव तिच्या तोंडाशी होतं. बुळकांडीवर औषध नव्हतं, लस होती. आणि लस बर्फात ठेवावी लागे. बर्फ सोलापूरहून एस.टी.च्या टपावरून, गोणपाटात, भुशात गुंडाळून यायचा. तो मोठ्या तोंडाच्या थर्मासात भरायचा, त्यात लस खोचायची. बर्फ आहे तोवर लस, बर्फ गेला की नुसतं पाणी. मग पुन्हा मागणी, पुन्हा वाट. तोवर बुळकांडी काही आमच्या टपालासाठी थांबणार नव्हती.

आम्ही दुपारी नदीवर पोचलो तेव्हा थर्मासात बर्फाचे दोन मोठे नारळ होते. मी स्वतः भरले होते.

पलीकडच्या काठावर गावचे पाटील सगळी जनावरं गोळा करून उभे होते. नदीला कमरेच्या वर पाणी. पाटलांनी हाक घातली, “या की सायब! जनावरं उनात तळायलीत!”

साहेबांनी हॅट उंचावून नमस्कार केला आणि बाभळीखाली बसले.

पाटलांनी काहिली आणवली. काहिली म्हणजे उसाचा रस कढवायची ती अवाढव्य कढई. आमच्याकडे पावसाळ्यात तीच नाव होते. तिच्यात बसायचं आणि दोघांनी पोहत ढकलत न्यायची. बाळंतिणी जायच्या, शाळामास्तर जायचे, नवऱ्या मुली शालू नेसून जायच्या. पाटील ओरडले, “लस काहिलीतनं पाठवा, सायब. गाडी बसू द्या आरामात!”

“अगदी रास्त आहे तुमचं,” साहेब म्हणाले. “पण पुढं तीन वाड्या आहेत. तिथवर सामान नेणार कसं? जीप आलीच पाहिजे.” त्यांनी आसावर तळहात ठेवला. “अजून कोमट आहे.”

जीप थंड झाली. नळ्या बांधल्या. परीक्षेला साहेबांनी चिमणीवर हात दाबला आणि इंजिन बंद पडेना! धडधडत राहिलं. कुठून तरी हवा आत जात होती. साहेबांनी बिडी न ओढणाऱ्या चाचाला बिडी ओढायला लावून प्रत्येक सांध्याशी धूर सोडवला. चाचा खोकून खोकून जांभळा झाला. पलीकडे जनावरं हंबरून हंबरून थकली. गळती सापडली तेव्हा सूर्य टेकला होता, आणि अंधारात पाण्यात उतरायचं नाही हा साहेबांचा आणखी एक नियम होता. पलीकडचे लोक जनावरं वळवून घरी गेले. जाता जाता पाटील काहीतरी ओरडले. ते वाऱ्याने आमच्यापर्यंत आलं नाही, याबद्दल मी त्या वाऱ्याचा आभारी आहे. आम्ही अलीकडच्या शाळेत पथाऱ्या टाकल्या. थर्मासात आता एकच नारळ.

सकाळी नदीवर आलो आणि पाहतो तो पलीकडचा काठ बैलांनी फुलून गेलेला. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंगं, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, आणि हलगी कडकडतेय.

“अरे वा,” साहेब म्हणाले. “लस टोचायला इतकी तयारी?”

चाचा आभाळाकडे बघत म्हणाला, “साब, आज पोला है.”

“पोळा? आज?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचाकडे पाहिलं. बैलांचा डॉक्टर, बैलांच्या डॉक्टरचा कंपाउंडर, आणि दोघांनाही पाच नाकांच्या नादात पोळा कधी आहे याचा पत्ता नव्हता. एवढंच काय, आमचा मुसलमान ड्रायव्हर सोडला तर त्या जीपमध्ये हिंदूंचा सण कुणालाच ठाऊक नव्हता.

साहेब म्हणाले, “असू दे. चला.” सकाळी जीप गारच होती, पाचही नाकं वर बांधलेली. तळहाताची परीक्षा पास. जीप पाण्यात उतरली. आणि मला कबूल केलंच पाहिजे, काय ऐटीत चालली! पाणी बॉनेटला लागलं, आसांवरून वाहू लागलं, सायलेन्सर पाण्याखालून बुडबुडे सोडू लागला. पण इंजिनाचा आवाज असा स्वच्छ की तानपुरा लावावा. साहेब डोळे मिटून ऐकत होते.

मधोमध जाऊन जीप थांबली. इंजिन चालू, चाकं फिरतायत, जीप तिथल्या तिथे हळूहळू खाली बसतेय.

झालं होतं असं की पहाटेपासून गावच्या साऱ्या बैलांना याच उतारात धुतलं होतं. शेकडो खुरांनी नदीचा तळ तुडवून त्याचं नुसतं पिठलं केलं होतं. साहेबांनी पाण्याची खोली मोजली होती, वेग मोजला होता, हवेची गळती शोधली होती. पोळ्याच्या सकाळी नदीच्या तळाचं काय होतं, ते मात्र कुणी मोजलं नव्हतं.

“इंजिन बंद करू नका!” साहेब ओरडले. “बंद केलं तर सायलेन्सरमधून पाणी शिरेल!” आणि मग खुशीत माझ्याकडे वळून, “ऐकताय ना? खोकला नाही, धाप नाही. काय श्वास आहे!”

“साहेब,” मी म्हणालो, “आपण अडकलोय.”

“हो. पण श्वास बघा.”

मी थर्मास उघडून पाहिला. मोठा पेरू. आम्ही अडकलेले पाहून पाटलांनी काहिली पाठवली होती; मी थर्मास तिच्यात ठेवला, सुया-पिचकाऱ्यांची पेटी ठेवली आणि स्वतः उडी मारून बसलो. साहेब काय म्हणाले ते ऐकलं नाही. ऐकलं असतं तर त्यात ‘रास्त’ हा शब्द नक्की सापडला असता.

काठावर पोचलो आणि पाटलांना म्हणालो, “पाटील, बर्फ संपत आलाय. लगेच टोचायला घेऊ.”

पाटलांनी डोकं खाजवलं. “आज बैलाला सुई? सणाला? आमी आज त्यांस्नी काठी लावत न्हाय, जुपत न्हाय, शिवी बी देत न्हाय. उद्या या.”

“उद्या बर्फ नसणार, पाटील. लस नुसतं पाणी होईल.”

“मग आक्काला इचारा. मानाचा बैल तिचा. तिच्या बैलाला टोचलं तर समदी टोचून घेतील. तिच्या आधी गावात कुणी दाव्याला हात लावायचा न्हाय.”

आक्का साठीची, काळीसावळी, कमरेला पदर खोचलेली विधवा बाई. एकटीच्या जिवावर शेत करायची. तिचा हरण्या बैल पोळ्याच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे चालायचा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काल उनात थांबलो आमी. तवा तुमी बाभळीखाली काय करत हुता?”

पाच नाकांची गोष्ट सांगण्याचा मोह मी आवरला.

“आणि जीप काढायला आता आमचेच बैल लागत्याल, व्हय ना? मिळायचे न्हाईत. आज न्हाय.”

एवढ्यात साहेब आले. जीपचं इंजिन हाताने ओढायच्या गॅसच्या बटणावर चालू ठेवून, चाचाला आत बसवून, छातीभर पाण्यातून हॅट न भिजवता चालत आले. त्यांनी आक्काला नमस्कार केला, मग हरण्याला नमस्कार केला, आणि हॅट काढून उभे राहिले.

“आक्का, पोळ्याला बैलाला त्रास द्यायचा नाही हे अगदी रास्त आहे. पण बुळकांडी सण बघत नाही. निजामाच्या काळात असाच लस घेऊन निघालो होतो. टांगा होता. ओढ्यात अडकला. दुसऱ्या दिवशी पोचलो, तर त्या गावात घरोघरी जू भिंतीला टांगलेलं होतं, आणि त्याखाली घालायला एक मान शिल्लक नव्हती. मी तसाच परत आलो. तेव्हापासून मी पाण्याला फार भितो. उशीर होईल म्हणून.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं मी नळ्या बांधल्या, पण हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गहिवरून यावं असाच क्षण होता, आणि मला आला संताप! म्हणजे हा माणूस उशीर होऊ नये म्हणून दर वेळी उशीर करत होता! दोन नारळांचा पेरू केला, तो उशिराच्या भीतीने!

आक्का हरण्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी थर्मास उघडला. लिंबू.

“आक्का, लिंबू राहिलंय,” मी म्हणालो.

“ठीक हाय,” ती म्हणाली. “पर बैलाच्या सणाला बैलाला काटा टोचायचा, तर फुकट न्हाय. आज जुवाखाली मान कुणाची तरी गेलीच पायजे. जीप काढायचीय ना? बैल देत न्हाय. जू देते. मान तुमची.”

गाव हसलं. मला वाटलं साहेब आता तरी चिडतील. ते म्हणाले, “अगदी रास्त आहे.”

“आणि पाटील, तुमी बी,” आक्का म्हणाली. “एका बैलाचं जू नसतंय.”

पाटलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण सारं गाव बघत होतं. मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीवरचा तो जाडजूड दोर, जीपला बांधला. जू आणलं. आणि साहेब! लिंबाची सुपारी होत चाललेली, आणि साहेब जू हातात धरून त्याच्या दोन टोकांची उंची न्याहाळतायत!

“पाटील, आपली उंची सारखी नाही. जू तिरकं बसेल. तुमच्या मानेला घट्टा पडेल.”

“पडू द्या, सायब.”

“शिवाय तुम्ही उजवीकडे चालणार की डावीकडे?”

“मी उजवा! डाव्याला म्या कधी चालायचो न्हाय!” पाटील ओरडले, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प झाले.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. त्या दिवशी गावचे सगळे बैल, मग गाई, मग म्हशी टोचून झाल्या. शेवटची पिचकारी भरली तेव्हा थर्मासात हरभऱ्याएवढा बर्फ होता. बुळकांडी त्या गावाच्या शिवेपर्यंत आली आणि आत आली नाही. जीप वर निघाली तेव्हा साहेबांनी मानेचा घट्टा चोळायच्या आधी मागच्या आसाचं बूच उघडून पाहिलं. तेल काळंभोर होतं. ताक नव्हतं. ते मला दाखवायला त्यांनी मला तीनदा हाक मारली, आणि मी तीनदा ऐकू न आल्यासारखं केलं.

पण मला सांगायचंय ते पहिल्या सुईबद्दल, कारण सगळं तिच्यावर अडलं होतं. आक्काने ‘ठीक हाय’ म्हटलं होतं खरं, पण मी पिचकारी घेऊन जवळ गेलो की तिचा हात आपोआप आडवा यायचा. “थांब जरा.” मग म्हणायची, “आधी त्यांस्नी ओढू दे.” माझ्या हातातली लस गार होती, आणि पुढच्या पिचकाऱ्यांसाठी मागे सुपारी होती.

तिकडे हलगी वाजू लागली. साहेब आणि पाटील जुवाखाली वाकले. मागे नाड्याला गावचे पंचवीस-तीस गडी. “हूं, ओढा!” साहेबांची हॅट पुढे सरकून डोळ्यांवर आली, ती सावरायला हात मोकळा नव्हता. पाटील चिखलात गुडघ्यावर आले. चाचा सुकाणूवरून बैलांना घालतात तशा हाका घालू लागला, आणि त्या घालताना गेल्या कित्येक वर्षांचा सूड त्याच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होता. साहेब फुरफुरत, तोंडाने श्वास घेत, एक पाय काढत, दुसरा रोवत पुढे येत होते. काठावर सजवलेले बैल शांतपणे रवंथ करत ओळीने उभे होते.

आक्का पाहत होती. आधी तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग तिने डोळे पुसले. मग ती हसायला लागली, इतकी की तिचा आडवा हात खाली आला आणि तिने तोल सावरायला हरण्याचं शिंग धरलं. मी सुई टोचली. हरण्याच्या कातडीवरून एक थरथर गेली, बस्स. आक्काला पत्ताच नव्हता. तिने दोन्ही हातांनी बैलाचं तोंड नदीकडे वळवलं आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “बघून घे, हरण्या, डोळं भरून बघून घे! उद्यापासनं वरीसभर पुन्यांदा तुझीच पाळी हाय!”